कचेरीतील अपमान आणि आपल्या हातातील कायदा
(कौटुंबिक अभ्यासपाठ)



आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक ताई मागे थांबल्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या घराने दीक्षा घेतली. मुलगा सरकारी कार्यालयात लिपिक आहे. ताई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं धड जेवत नाही. विचारलं तर सांगत नव्हता. परवा बोलला. साहेब सगळ्यांसमोर म्हणतो, बौद्ध झालास म्हणून जात गेली होय रे तुझी? तक्रार करावी तर नोकरीची भीती. आणि आता आपण बौद्ध झालो, तर तो अट्रॉसिटीचा कायदा आपल्याला लागतो की नाही, हेही कुणी नीट सांगत नाही."

ताईंचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. नवदीक्षित घरांतून तो वरचेवर कानी येतो. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ. कचेरीतील अपमानाविरुद्ध कोणता कायदा आहे, दीक्षेनंतर तो आपल्याला लागू होतो काय, आणि तो वापरावा कसा. हा पाठ घरातील शिकलेल्या मुलामुलीने मोठ्याने वाचावा आणि सर्वांनी ऐकावा.

१. बडोद्याची कचेरी

१९१७ सालची गोष्ट. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. सयाजीराव महाराजांनी त्यांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या करारानुसार संस्थानची नोकरी करायची होती. हा तरुण म्हणजे आपले बाबासाहेब. कचेरीतील शिपाई फायली त्यांच्या हातात देत नसत, लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा कोणी देईना, तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला त्यांनी बजावले. बाबासाहेबांनी मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

आता विचार करा. महाराज उदार होते, त्यांचा हेतू चांगला होता. तरीही त्यांच्याच राज्यातील कचेरीत आपल्या अधिकाऱ्याकडे फाईल फेकणाऱ्या शिपायाला विचारणारे कोणी नव्हते, कारण अपमान हा अपराध आहे असे सांगणारा नियमच तेथे नव्हता. वरचा माणूस भला असणे पुरेसे नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले आणि तिचे पालन हा कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला. त्या कलमाकडे पाहताना बडोद्याचे ते टेबल आठवावे.

२. तथागतांनीही नियम केला

काहीजण म्हणतात, "आपण बौद्ध. आपण सहन करावे, क्षमा करावी. पोलीस-कचेरी कशाला?" यासाठी विनयपिटकातील एक हकिगत सर्वांनी जाणून घ्यावी.

श्रावस्तीच्या जेतवनात सहा जणांचा एक भिक्षूंचा गट होता. हे भिक्षू इतर सदाचारी भिक्षूंना टोचून बोलत. कोणाची जात काढत, कोणाचे गोत्र, कोणाचे पूर्वीचे काम, कोणाचा आजार, कोणाचे शारीरिक व्यंग. तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी त्या भिक्षूंना बोलावून चौकशी केली आणि नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. मालकाने पैज लावून बैलाला शंभर गाड्यांना जुंपले आणि भर लोकांत शिवी दिली. बैल जागचा हलला नाही, मालक पैज हरला. दुसऱ्या वेळी त्याच मालकाने गोड शब्दांत हाक दिली आणि बैलाने शंभरही गाड्या ओढून नेल्या.

परंतु तथागत कथा सांगून थांबले नाहीत. अपमानकारक बोलणे हा दोष आहे, असा नियमच त्यांनी संघाला घालून दिला. तो आजही भिक्षूंच्या प्रातिमोक्षात आहे. जात, काम आणि आजार यांवरून माणसाला हिणवणे हा अपराध मानणारी ही शिस्त अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. सम्यक वाचा हा उपदेश आहेच. उपदेश न ऐकणाऱ्यासाठी नियम लागतो, हेही तथागतांनी ओळखले होते. म्हणून नियमाचा आधार घेणारा माणूस धम्माबाहेर जातो, असे कोणी समजू नये.

क्षमेचे काय? राजगृहात भारद्वाज नावाचा एक ब्राह्मण आपल्या कुळातील माणूस संघात गेला म्हणून चिडून तथागतांना शिव्या देऊ लागला. तथागतांनी विचारले, तुझ्याकडे पाहुणे आले, तू जेवण वाढलेस आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तद्वत तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याकडेच राहिल्या, असे तथागत म्हणाले. पाहा, ज्या कारणाने तो ब्राह्मण चिडला, त्याच कारणाने आज तुमचा शेजारी चिडतो. शिवी मनात घेऊ नये आणि उलट शिवी देऊ नये, हा या प्रसंगाचा बोध. शांत मनाने केलेला लेखी अर्ज त्याच्या आड येत नाही.

३. कायदे कोणते?

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. साहेबाने कामातील चूक दाखवली, वेळेवर यायला सांगितले, तर तो छळ नव्हे. माणसाला वारंवार इतरांपुढे कमी लेखणे, नावे ठेवणे, हातचे काम काढून घेऊन रिकामे बसवणे, पाणी-जेवण वेगळे ठेवणे, धमक्या देणे, हा छळ होय.

अशा वर्तनाविरुद्ध काही देशांनी स्वतंत्र नियम केले. स्वीडनने १९९३ साली केले, फ्रान्सने २००२ साली कायदा केला. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१४ साली सरकारी कार्यालयांसाठी कायदा केला. २०१९ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या जागेवरील हिंसा व छळ यांविरुद्ध १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. आपल्या देशात सर्व कर्मचाऱ्यांसाठी असा एकच कायदा झालेला नाही. पण आपले हात रिकामे नाहीत. पुढील कायदे लक्षात ठेवा.

(अ) नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. अस्पृश्यतेच्या कारणावरून अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा अपमान केल्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड.

(आ) अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. यालाच लोक अट्रॉसिटी म्हणतात. कलम ३(१)(आर) प्रमाणे लोकांच्या नजरेस येईल अशा जागी, मानहानी करण्याच्या हेतूने अपमान करणे किंवा धमकावणे, आणि कलम ३(१)(एस) प्रमाणे जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. हाच गुन्हा लोकसेवकाने केला, तर कलम ३(२)(सात) प्रमाणे शिक्षा किमान एक वर्षाची. गुन्हा करणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, ही अट आहे. तुमची नोकरी कायम आहे की कंत्राटी, याला येथे महत्त्व नाही. हा कायदा पद पाहत नाही, माणूस पाहतो.

(इ) कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाहास विरोध केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि सोळा वर्षांनी कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तिच्या अध्यक्षपदी महिलाच हवी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. लहान कार्यालयांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

(ई) सेवानियम. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. न शोभणारे वर्तन करणाऱ्यावर खातेनिहाय चौकशी होऊ शकते. यासाठी पोलिसांत जावे लागत नाही.

"तक्रार केली तर नोकरी जाईल" ही भीती घराघरांत आहे. घटनेच्या कलम ३११ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्यास आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडू दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. याला अपवाद आहेत, पण ते थोडे. कंत्राटी कामगाराला हे संरक्षण नाही, म्हणून त्याने तर एकट्याने लढूच नये.

४. दीक्षेनंतर संरक्षण जाते काय?

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. जात नाही.

अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. हा आदेश मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध मात्र आले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि बौद्धांचा समावेश झाला. तेव्हापासून यादीतील जातीचा माणूस बौद्ध झाला तरी त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो, आणि अत्याचार प्रतिबंध कायदाही त्याला लागू राहतो.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, लाजू नका. त्याचबरोबर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र घरातील प्रत्येकाचे काढून ठेवा. जात आपण मनातून टाकली, पण जातीवरून छळणाऱ्याला न्यायालयात उभे करताना तो कागद लागतो. दुसरे असे की, जे बांधव इतर मागास किंवा अन्य जातींतून धम्मात आले, त्यांना अट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही. त्यांनी सेवानियमांचा आणि भारतीय न्याय संहितेतील धाकदपटशा (कलम ३५१) व हेतुपुरस्सर अपमान (कलम ३५२) या तरतुदींचा आधार घ्यावा.

५. बंद दाराआडचा अपमान

आता एक अवघड मुद्दा. अट्रॉसिटीच्या कलमात 'लोकांच्या नजरेस येईल अशी जागा' ही अट आहे. तामिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाला त्याच्याच कार्यालयातील खोलीत जातीवरून शिवीगाळ केल्याची तक्रार होती. सहकारी नंतर आत आले. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चार भिंतींआड, कोणी हजर नसताना घडलेली ही गोष्ट लोकांच्या नजरेस आली असे म्हणता येत नाही, आणि खटला रद्द केला.

यावरून निराश होऊ नका, सावध व्हा. केबिनमध्ये एकट्याला बोलावून अपमान होत असेल, तर सोबत सहकारी नेण्याचा आग्रह धरा. खोलीतील अपमानासाठी खात्याकडे तक्रार करता येतेच, कारण सेवानियमांना साक्षीदारांच्या गर्दीची अट नाही.

दुसरे प्रकरण आपल्या सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडचे. एका शासकीय महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात दोघा वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. २००६ साली त्याने अट्रॉसिटीची तक्रार केली. २०११ साली खटल्याची परवानगी नाकारली गेली. २०१६ साली परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरच गुन्हा नोंदवला गेला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने तो गुन्हा रद्द तर केलाच, शिवाय गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि लोकसेवकाच्या अटकेपूर्वी त्याच्या नियुक्ती अधिकाऱ्याची परवानगी, अशा अटी घातल्या. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद झाला, काही राज्यांत माणसे मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी संसदेची दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे आज गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पूर्वचौकशीची अट नाही.

या प्रकरणाचा आणखी एक धडा आहे. प्रत्येक वाईट शेऱ्याला अट्रॉसिटीचे कलम लावू नये. शेरा अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध खात्यात निवेदन द्यावे, तेथे न्याय न मिळाल्यास राज्य कर्मचाऱ्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे. अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे. ज्या रोगाला जे औषध, तेच घ्यावे. खोटी तक्रार तर मुळीच करू नये. चौथे शील मोडतेच, शिवाय उद्या खऱ्या पीडिताचे कोणी ऐकत नाही.

६. करावे काय?

पहिले, त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, बोललेले नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावे.

दुसरे, कार्यालय प्रमुखाला लेखी अर्ज द्या. प्रमुखच छळणारा असेल, तर त्याच्या वरिष्ठाला द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

तिसरे, अर्जाचे काय झाले हे कळेना, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

चौथे, गुन्हा घडला असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार दिला, तर फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी अट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आहे.

पाचवे, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे लिहा. घटनेच्या कलम ३३८ प्रमाणे तक्रारीची चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात.

सहावे, आणि सर्वांत महत्त्वाचे, एकटे जाऊ नका. विहारातील दोन माणसे, कर्मचारी संघटनेचा एक कार्यकर्ता सोबत घ्या.

७. घरातले कर्तव्य

२२ मे २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी हिने जीवन संपवले. ती आदिवासी तडवी समाजाची होती. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप होऊन खटला दाखल झाला. इतकी शिकलेली मुलगीही या ओझ्याखाली दबू शकते, तर आपल्या मुलांचे काय? म्हणून नोकरीवरून आलेल्या मुलामुलीला पगार किती झाला हे विचारण्याआधी, आज कचेरीत कसे वागवले हे विचारा. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले, तर "सोसून घे, नोकरी सोन्याची आहे" असे म्हणू नका. जवळ बसा, ऐका, गरज वाटल्यास डॉक्टरकडे न्या.

माझे वडील एका कचेरीत शिपाई होते. सर्व कामे त्यांना सांगत, पण साहेबाच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या भरायला दुसरा शिपाई होता. वीस वर्षांचे कारकून त्यांना 'अरे' म्हणत. आम्ही भावंडांनी त्यांना एकदाही विचारले नाही. निवृत्तीनंतर एका रात्री त्यांनी आपणहून सांगितले, तेव्हा मी पदवीधर होऊन बसलो होतो. तेव्हा कायदा होता, पण आमच्या घरात तो कोणाला ठाऊक नव्हता.

आणि एक कबुली. गेल्या वर्षी शाळेत खिचडीला उशीर झाला, म्हणून मी आहार शिजवणाऱ्या बाईंना मुलांदेखत टाकून बोललो. त्या माझ्या आईच्या वयाच्या. मान खाली घालून त्या भांडी उचलू लागल्या, आणि मला एकाएकी वडिलांची मान आठवली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांसमोर मी त्यांची माफी मागितली. आपल्यापैकी जे आज खुर्चीवर आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या सफाई कामगाराला, शिपायाला, कंत्राटी मुलाला काय म्हणून हाक मारतो हे एकदा आठवून पाहावे. जेतवनातला नियम आपल्यालाही लागू आहे.

ताईंच्या मुलाने अर्ज लिहिला आहे. पुढच्या सोमवारी विहारातील आम्ही दोघे त्याच्यासोबत कचेरीत जाणार आहोत.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. बडोद्याचे महाराज उदार असूनही बाबासाहेबांना कचेरीत न्याय का मिळाला नाही?

२. तथागतांनी उपदेशासोबत नियमही का केला?

३. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला अट्रॉसिटी कायदा कोणत्या वर्षाच्या दुरुस्तीमुळे लागू राहतो?

४. अपमान खोलीत, कोणी नसताना झाला तर कोणता मार्ग धरावा?

५. आपल्या घरातील सर्वांचे दाखले काढलेले आहेत काय? नसल्यास या महिन्यात कोण काढणार?

नमो बुद्धाय. जयभीम.